तेवीस थांब्यांची सहल

मंडळी, गेला महिनाभर इकडे काही लिहिलं नाही. तब्येत उत्तम आहे, काळजी नसावी. मी एका दोनशेपानी वहीत अडकलो होतो. वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं 'कोकण किनारा सहल' असं लिहिलंय, खाली दोन रेघा मारल्यात, आणि पुढची सतरा पानं आता रद्द झाली आहेत. ती कशी रद्द झाली, त्याची ही हकीकत.

पुण्याच्या चिरंजीवांचा फोन आला. म्हणाला, "अण्णा, दिवाळीनंतर पाच दिवसांची रजा मिळतेय. आईला आणि तुम्हाला कोकणात फिरवून आणतो. गाडी मी चालवतो, कुठं थांबायचं ते तुम्ही ठरवा." आता ज्या माणसानं पंचवीस-तीस वर्षं दर जून महिन्यात अख्ख्या शाळेचं वेळापत्रक आखलं, त्याच्या हातात असं काम दिल्यावर काय होणार? त्याच रात्री वही काढली, पट्टी काढली, भिंतीवरचा नकाशा उतरवून जमिनीवर पसरला.

मी भूगोल आणि मराठी शिकवत असे. कोकण किनारपट्टी फळ्यावर किती वेळा काढली असेल त्याला गणती नाही. डोळे मिटून काढायचो. वरून डहाणू, मग वसईची खाडी, मुंबईचं बोट, मग सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री यांच्या खाड्यांचे खाचे, तळाला तेरेखोल. "महाराष्ट्राला ७२० किलोमीटर लांबीचा समुद्रकिनारा लाभला आहे." हे वाक्य पोरं झोपेतसुद्धा म्हणत. आता मात्र केंद्र सरकारनं नव्यानं मोजणी केली आणि महाराष्ट्राचा किनारा ८७७.९७ किलोमीटर भरला. देशाचा ७,५१६ होता तो ११,०९८ झाला. मला आधी वाटलं छपाईची चूक. पण जुनी मोजणी पंचेचाळीस लाखांस एक अशा लहान प्रमाणाच्या नकाशावर झाली होती, आता अडीच लाखांस एक अशा नकाशावर केली. म्हणजे किनारा तेवढाच आहे, आधी खाड्यांचे आणि बेटांचे बारीक वाकणे गाळले होते ते आता धरले. म्हणजे मी पस्तीस वर्षं पोरांना दीडशे किलोमीटर कमी शिकवले! असो.

हे वाकणं सहलीच्या कामात फार नडतं. दिवेआगर ते गणपतीपुळे सरळ पट्टी ठेवली तर सव्वाशे किलोमीटरच्या आतच बसतं. समुद्राच्या कडेकडेनं रस्ता धरला की तेच दोनशेच्या वर जातं, आणि वर घाट, वळणं, गावातल्या गल्ल्या. तासाला पंचवीस-तीस किलोमीटर झाले तरी खूप. आपल्या गंगापूरहून अहिल्यानगरकडं जाताना गाडी सुटते तशी तिथं सुटत नाही. कोकणात जाऊ बघणाऱ्या घाटावरच्या माणसानं आधी हे डोक्यात घ्यावं.

माझ्या पहिल्या आराखड्यात तेवीस थांबे होते. पुणे, ताम्हिणी, माणगाव करत दिवेआगरला उतरायचं आणि तिथून खाली खाली मालवणपर्यंत जायचं. प्रत्येक थांब्याला वेळ नेमून दिली होती, वीस मिनिटं, पस्तीस मिनिटं, जास्तीत जास्त पन्नास. दिवेआगरचा सुवर्णगणेश पंचवीस मिनिटं (१९९७ साली बागेत सापडला, २०१२ ला चोरीला गेला, २०२१ ला पुन्हा बसवला, असं टिपणही समोर लिहून ठेवलं होतं). मुरुडला महर्षी कर्व्यांचं गाव म्हणून पंधरा मिनिटं. मालगुंडला केशवसुत स्मारक चाळीस मिनिटं, कारण मराठीच्या मास्तरला तिथं पंधरा मिनिटांत निघणं शोभत नाही. रत्नागिरीत टिळकांचं जन्मस्थान आणि थिबा राजवाडा मिळून दीड तास.

आणि भरती-ओहोटी! ती तर मी अशी बसवली होती की काय सांगू. आमच्या शाळेत गुहागरकडचे एक सर होते, त्यांनी एक हिशेब शिकवला होता. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण घरच्या कॅलेंडरवर काम भागतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा कातळावरून समुद्राच्या काठानं आहे, ती ओहोटीलाच करायची असते, भरतीत तिथं माणसं वाहून गेली आहेत. उलट हेदवीची बामणघळ बघायची तर भरती हवी, तेव्हाच त्या फटीतून पाण्याचा फवारा वर उडतो. मी पंचमीला हरिहरेश्वर धरलं, ओहोटी सकाळी पावणेदहाला. षष्ठीला हेदवी, भरती दुपारी साडेचारला. दोन्ही बरोबर बसलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी एकटाच वहीकडे बघून हसत होतो.

चिरंजीवांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. थोडा वेळ पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाला, "अण्णा, ही सहल आहे की दप्तरतपासणी?"

त्याचं मी मनावर घेतलं नाही. आजकालच्या मुलांना नियोजन नको असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सौ. भाजी निवडता निवडता म्हणाली, "वाचा की मलाही." मी उत्साहानं वही घेऊन बसलो. पहिलं ठिकाण वाचलं. तिनं विचारलं, "इथं गाडीतून उतरल्यावर किती चालायचं?" मला माहीत नव्हतं. दुसरं वाचलं. "इथं पायऱ्या किती?" तेही माहीत नव्हतं. मग तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि प्रत्येक ठिकाणाला प्रश्न विचारत गेली. जिथं मी "असतील थोड्या" किंवा "जरा उतार आहे" म्हणालो, तिथं समोर बारीक गोल काढत गेली. शेवटी मोजले तर तेविसात चौदा गोल. मी म्हटलं, हे काय? म्हणाली, "इथं मी गाडीत."

तुमच्यापैकी नातेवाइकांना तिच्या गुडघ्यांचं माहीत आहे. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सुचवलंय, ती तयार नाही. घरात भिंतीला धरून चालते. पायरी चढते ती कशीबशी, पण उतरताना तिचा चेहरा बघवत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण वहीत ते कुठंच नव्हतं. वहीत भरतीची वेळ होती, सोनं कोणत्या साली चोरीला गेलं ते होतं, आणि ज्या बाईसाठी पोरगा रजा काढतोय तिचे गुडघे नव्हते.

तिनं काही तक्रार केली नाही, हे अजून वाईट. "तुम्ही या बघून, मी बसेन, माझी पोथी असते बरोबर," एवढंच म्हणाली आणि भाजीचं ताट उचलून आत गेली.

संध्याकाळी मी ओट्यावर बसलो तेव्हा मला १९८८ ची सहल आठवली. डिसेंबरात नववी-दहावीची मुलं घेऊन आम्ही कोल्हापूर, रत्नागिरी, गणपतीपुळे केलं होतं. एसटीच्या दोन गाड्या, ब्याण्णव पोरं, पाच मास्तर. त्यातल्या बहुतेक पोरांनी कायगावची गोदावरी आणि नाथसागराचं पाणी यापलीकडं पाणी पाहिलेलं नव्हतं. वाटेत उशीर झाला, गणपतीपुळ्याला पोचायला साडेपाच वाजले आणि मुक्कामाला परत जायचं होतं. मी अर्धा तास दिला. गळ्यात शिट्टी होती. पोरं वाळूवर धावत सुटली. एकानं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकला आणि ओरडला, "सर, खरंच खारट आहे!" म्हणजे मी वर्गात शिकवलं ते त्याला तोपर्यंत पटलेलं नव्हतं.

आणि मी काय करत होतो? मी पोरं मोजत होतो. कुणी आत जाऊ नये म्हणून पाण्याच्या कडेला, पाण्याकडं पाठ करून उभा. एक, दोन, तीन... ब्याण्णव. पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासानं शिट्टी मारली, पुन्हा मोजले तर एक्याण्णव. माझं काळीज पोटात गेलं. दहा मिनिटं आम्ही वेड्यासारखे पळत होतो. शेवटी देवळाच्या भिंतीच्या आडोशाला एक पोरगा सापडला, गुडघ्यावर हनुवटी टेकवून शांत बसलेला. मी आधी दोन ठेवून दिल्या आणि मग विचारलं, काय करत होतास? म्हणाला, "लाटा मोजत होतो सर." आणि रडत रडत म्हणाला, "आता विसरलो."

त्या पोराला मारल्याचं मला नंतर बरेच दिवस वाईट वाटत होतं. त्या काळी मास्तरांचे हात सैल असत, मीही त्यातलाच. पण खरं वाईट काय आहे ते मला आत्ता, सत्तरी उलटल्यावर कळलं. घरी परतल्यावर सौ.नं विचारलं होतं, "कसा असतो हो समुद्र?" ती तेव्हा घरी होती, दोन लहान मुलं आणि अंथरुणाला खिळलेली माझी आई सांभाळत. मी म्हणालो होतो, "मोठा असतो." कारण मी बघितलाच नव्हता. पुढं कामानिमित्त मुंबईला गेलो तेव्हा चौपाटीही अशीच गाडीची वेळ सांभाळत बघितली. तिनं मात्र काहीच पाहिला नाही. माहेर वैजापूर तालुक्यातलं, सासर गंगापूर. ७२ च्या दुष्काळात ती खडी फोडायला गेलेली आहे, सुकडी खाल्लेली आहे. आमच्या लग्नानंतरही किती उन्हाळे टँकरची वाट बघण्यात गेले. भाज्या धुतलेलं पाणी ती आजही तुळशीला घालते, नळ असूनसुद्धा. कायगावच्या पुलावर गाडी आली की पदराच्या गाठीतून नाणं काढून गोदामाईला टाकते, ते पाणी असो नसो.

मी आत जाऊन तिला विचारलं, "तुला काय बघायचंय?"

म्हणाली, "आता विचारताय होय?" मग जरा थांबून, "मला काही बघायचं नाही. पाण्यात पाय सोडून बसायचंय. उठा चला कुणी म्हणू नये."

दुसऱ्या दिवसापासून वही नव्यानं सुरू. या वेळी पत्रकात स्थळाचं नाव, मग 'गाडी कुठपर्यंत', मग 'पायऱ्या', मग 'बसायची सोय' असे रकाने आखले. साल आणि इतिहास यांना रकाना नाही. हे रकाने भरायला वही पुरेना, फोन करावे लागले. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला गाडी आता वरपर्यंत जाते आणि तिथून खाली सुवर्णदुर्ग दिसतो, तो राहिला. हरिहरेश्वरचं देऊळ राहिलं, प्रदक्षिणा गेली. बामणघळ गेली. हर्णेचा मासळीचा लिलाव मला फार बघायचा होता, पण माळकरी बाईला तिथं नेण्यात अर्थ नाही.

सगळ्यात जिवावर आलं ते विजयदुर्ग काढताना. त्याचं कारण सांगतो. तिथं 'साहेबाचे ओटे' म्हणून जागा आहे. लोक सांगतात की १८६८ च्या सूर्यग्रहणात लॉकियर साहेबानं तिथून हेलियमचा शोध लावला. आमच्याकडं स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतही असं छापलेलं बघितलंय. खरं असं की १८६८ चं ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन यानं आंध्रातल्या गुंटूरहून पाहिलं. लॉकियर त्या साली इंग्लंडातच होता, तिथूनच त्यानं पुढं सूर्याच्या प्रकाशातली ती पिवळी रेघ पाहिली. विजयदुर्गला तो आला तो तीस वर्षांनी, जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. ओटे आहेत, साहेबही खरा, फक्त साल दुसरं. हे त्या ओट्यांवर उभं राहून कुणाला तरी सांगावं अशी माझी फार इच्छा होती. आता तुम्हालाच सांगून टाकलं.

पण काढता काढता एक गंमत हाती लागली. पहिल्या आराखड्यात खाडी ओलांडण्याच्या जागा मी 'वाया जाणारा वेळ' या सदरात टाकल्या होत्या. बागमांडला ते वेश्वी सावित्रीची खाडी, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठीची, तवसाळ ते जयगड शास्त्रीची. या तिन्ही ठिकाणी गाडी बोटीवर चढते. तिकडचे लोक तिला 'जंगल जेट्टी' म्हणतात. दाभोळची २००३ पासून चालू आहे. ती नसती तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणकडून मोठा वळसा पडला असता. रेवसपासून रेड्डीपर्यंत सलग सागरी रस्ता हे अंतुल्यांच्या काळापासूनचं स्वप्न, आणि आता मोठ्या खाड्यांवर पूल बांधायचं घेतलंय. पूल झाले की या बोटींचं काय होईल कोण जाणे. तर मुद्दा असा, की बोटीवर माणसाला गाडीतून उतरावं लागत नाही. पुढची लोखंडी झडप धक्क्यावर टेकते, गाडी आत जाते, आणि दहा-पंधरा मिनिटं चहूबाजूंनी पाणी. सौ.नं ज्यांच्यापुढं गोल काढला होता ती सगळी ठिकाणं एका बाजूला आणि हे एका बाजूला. काच खाली केली की झालं, 'मी गाडीत' असूनही ती पाण्यावर. मी तिला हे सांगितलं तर तिला खरं वाटेना. "आपली गाडी? बोटीत? अन् बुडली म्हणजे?" मग शेजारणीला जाऊन सांगून आली.

आता तिन्ही बोटी आमच्या मुख्य थांब्यांत आहेत. फेऱ्यांच्या वेळा आदल्या दिवशी फोन करून विचारायच्या असं चिरंजीवांना लिहून दिलंय.

मुक्काम दिवेआगर एक, गुहागर एक, आणि मग मालगुंडला दोन रात्री. गणपतीपुळ्याच्या अलीकडचंच गाव. तिथल्या एका घरगुती मुक्कामाच्या मालकांना मी फोन लावला आणि सरळ विचारलं, तुमच्या अंगणापासून वाळूपर्यंत पावलं किती? ते हसले. म्हणाले, "थांबा, मोजून सांगतो." आणि खरंच दहा मिनिटांनी उलट फोन आला. "एकशे चार पावलं, वाडीतली वाट सपाट आहे, शेवटी पायरी एकच आहे, तिथं आम्ही हात देऊ. काकूंना घेऊन या." मी आयुष्यात बरेच चौकशीचे फोन केले, असं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

केशवसुत स्मारक तिथून जवळच आहे. तिथं मी सकाळी एकटा जाऊन येईन, ती झोपेतून उठायच्या आत. एवढं मी स्वतःसाठी ठेवलंय.

तिथी पुन्हा बसवाव्या लागल्या. खुर्चीवर बसायचं तर संध्याकाळी पाणी चढतं नको, उतरतं हवं. वाळूही ओली आणि घट्ट मिळते, आणि बसलेल्या माणसाला घाईघाईनं उठवावं लागत नाही. तृतीयेची भरती सव्वादोनला, चतुर्थीची तीनला. म्हणजे साडेचार-पाचपासून अंधार पडेपर्यंत पाणी मागं मागं जात राहणार. मालगुंडच्या दोन संध्याकाळी मार्गशीर्ष शुद्ध तृतीया आणि चतुर्थी अशा धरल्या. उलटं मोजत आलो तर गंगापूरहून निघायचा दिवस आला अमावस्येचा. "अमावस्येला घराबाहेर पाय? मी नाही येणार." झालं! पुन्हा फोन. शेवटी आम्ही दोघं चतुर्दशीलाच पुण्याला जायचं आणि अमावस्या नातीजवळ काढायची असं ठरलं. नात खूश आहे. चिरंजीवांनी रजा एक दिवस पुढं सरकवली, साहेबाला काय कारण सांगितलं ते मी विचारलं नाही.

परवा अंगणात रंगीत तालीम झाली. प्लास्टिकची हातांची खुर्ची आहे आपली, ती. नळाखालच्या ओल्या मातीत मी खुर्ची मांडली आणि तिला बसवलं. पाय लगेच चार बोटं खाली रुतले आणि खुर्ची मागं कलली. मी म्हटलं, झाली का पंचाईत. ती कलत्या खुर्चीतच बसून विचार करत होती. मग म्हणाली, "देवघरातला जुना पाट आणा." पाट खाली ठेवला, त्यावर खुर्चीचे मागचे दोन पाय टेकवले. मग पुढच्यांसाठी दुसरा पाट. खुर्ची हलली नाही. ती वीस मिनिटं तशीच बसली, नळ बारीक सोडून पावलांवर पाणी घेत. इतका वेळ नळ तिनं कधी वाहू दिलेला मला आठवत नाही.

चिरंजीवांना विचारलंय, डिकीत एक खुर्ची आणि दोन पाट मावतील का. मोजून सांगतो म्हणालाय.